न विचारता झालेलं केळवण

बॉथेल,
४ सप्टेंबर २०२५

ती. सुवर्णाआत्यास,
सा. न. वि. वि.

ही वरची अक्षरं तूच शिकवलीस म्हणून लिहिली. आज नमस्कार मनापासून नाहीये, रीत म्हणून घे.

मी तुझे फोन उचलत नाहीये, आणि मुद्दाम उचलत नाहीये. फोनवर मी एक वाक्य सुरू केलं की तू तीन टाकतेस. पत्रात कुणाला मध्ये बोलता येत नाही. त्यामुळे प्लीज शेवटपर्यंत वाच.

तू सांगितलं होतंस की लेबर डे वीकेंडला ये, गणपती आहेत, चार माणसं जेवायला येतील. मी लॅबमधून शुक्रवारी हाफ डे घेऊन, एक्स्पेन्सिव्ह तिकीट काढून डेट्रॉइटला आले. बेसमेंटमध्ये उतरले तर अख्खं मराठी मंडळ बसलेलं! माझ्या ताटाभोवती रांगोळी, समई, औक्षण, हातात साडी. माझा बर्थडे मागच्याच आठवड्यात झाला होता, मला वाटलं बिलेटेड बर्थडे. मी इतकी खूश झाले आत्या, की तुला सगळ्यांसमोर मिठी मारली. ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो.

मग सगळ्या काकू ओरडायला लागल्या की नाव घे, नाव घे. मला वाटलं चिडवतायत. देवदत्तशी मी चार महिने फोनवर बोलतेय हे तू सगळ्या ट्रॉयला सांगितलेलं आहेसच. म्हटलं होऊ दे जोक. भूक पण लागली होती यार. म्हणून ते तिथल्या तिथे जुळवलं की ट्रॉयच्या बेसमेंटमध्ये पंखा करतो घरघर, देवदत्तचं नाव घेते, आता वाढा भरभर. केवढ्या टाळ्या! आणि टाळ्या थांबायच्या आत आश्लेषाकाकूंनी विचारलं की आता आमच्याकडचं केळवण कधी ठेवायचं.

केळवण. लग्न ठरल्यावरचं जेवण. ठरल्यावर, आत्या. मी अजून हो म्हटलेलं नाही. तुला मी जुलैमध्ये काय सांगितलं होतं? की मुलगा छान आहे, आणि मला वेळ हवाय. दोन वाक्यं होती. तू पहिलं ऐकलंस आणि दुसरं सोडून दिलंस.

मी तुझ्याकडे बघितलं तेव्हा तू कढी वाढत होतीस आणि हसत होतीस. म्हणजे तुला माहीत होतं. मी दोन घास खाल्ले, वर गेले, पहाटे उबर बोलावली. साडी तुझ्या बेडवर ठेवलीय, तिची घडीसुद्धा मोडलेली नाही.

तो उखाण्याचा व्हिडिओ तू फॅमिली ग्रुपवर टाकलास. नाशिकला बाबांनी जानेवारीचा हॉल बुक केलाय. मला हे हॉलवाल्याच्या मेसेजवरून कळलं, कारण बाबांनी माझा नंबर दिला होता. माझ्या लग्नाची बातमी मला हॉलवाला देतो!

काकांना नमस्कार, तो मात्र मनापासून. लोभ आहेच. वाढावा असं आज लिहवत नाही.

तुझी,
उर्वी


ट्रॉय,
११ सप्टेंबर २०२५

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद. रीत म्हणून नव्हे, खरेच.

पत्र शेवटपर्यंत वाचले. आता तूही वाच.

पहिली गोष्ट. भरल्या पानावरून कुणी उठत नाही. मी आदल्या दिवसापासून पुरण शिजवत होते. या दुखऱ्या गुडघ्यांवर उभी राहून पंचवीस-तीस माणसांच्या पुरणपोळ्या लाटल्या. तुझे काका अळूची पाने शोधायला अर्धा दिवस गाडी घेऊन फिरले. आणि तू वर जाऊन दार लावून घेतलेस. आश्लेषाला मी सांगितले की मुलगी लाजली. लाजली! तुला लाजताना मी आजवर पाहिलेले नाही, पण दुसरे काय सांगणार होते?

दुसरी गोष्ट. मी घाई केली म्हणतेस. पुढच्या आठवड्यात पितृपक्ष लागत होता, मग पंधरा दिवस काही करता येत नाही, आणि त्यानंतर तुला सुट्टी नाही. तुझे वडील दर रविवारी मला फोन करून विचारतात की पोरीचे काय झाले. तुला नाही विचारत, मला विचारतात, कारण तू चिडतेस. या देशात तुझे माणूस म्हणून मी एकटी आहे. हिवाळ्यात तुला ताप आला तेव्हा दोन दिवस कुणाला कळले नव्हते. तेव्हापासून मला नीट झोप नाही. हे तुला लिहिणार नव्हते.

तिसरी. मुलगा चांगला आहे हे तूच म्हणालीस. फ्रिस्कोहून त्याच्या चंद्रशेखरकाकांचा फोन आला, की देवदत्तचा होकार आहे, तुमच्याकडचे सांगा. तुझ्या काकांची आणि चंद्रशेखरची पहिल्या नोकरीपासूनची मैत्री. मी सांगितले की आमच्याकडूनही हो समजा. आता शब्द दिलेला आहे. तुम्हा मुलांना दुकानात चाळीस प्रकारचे दही दिसते, म्हणून माणसांच्या बाबतीतही तसेच वाटते की अजून एक फडताळ बघून येऊ.

साडी परत घेणार नाही. ती तुझी आहे. बेडवर ठेवून गेलीस, मी कपाटात ठेवली आहे.

राग गेला की फोन कर. गेला नाही तरी कर. लोभ कमी झालेला नाही, हे लक्षात असू दे.

तुझी,
आत्या


बॉथेल,
१९ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

राग गेलेला नाही. उलट आता डबल झालाय. का ते सांगते.

तुझं पत्र वाचल्यावर मी देवदत्तला फोन केला. आम्ही दोघं केळवणाच्या दिवसापासून विचित्र वागत होतो, तो एकदम पोलाईट झाला होता आणि मी एकदम बिझी. मी त्याला सरळ विचारलं की तू कधी हो म्हणालास. तो म्हणाला की तू हो म्हणालीस असं चंद्रशेखरकाकांनी सांगितलं, म्हणून मी हो म्हणालो. त्याला वाटलं, मुलीने एवढं धाडस करून आधी हो म्हटलंय आणि आपण आता वेळ मागितला तर तिचा अपमान होईल.

कळलं का? तुला त्यांनी सांगितलं की मुलगा हो म्हणतोय. त्याला त्यांनी सांगितलं की मुलगी हो म्हणतेय. त्याचं पण फ्रिस्कोमध्ये केळवण झालं, त्याच्या उत्तराकाकूंनी त्याला शर्टपीस दिला, लोकांनी पंचपक्वान्न खाल्लं. दोन शहरांत दोन पंगती उठल्या आणि मूळ हो कुणाचाच नाही! तो फोनवर हसायला लागला, मी पण हसले, आणि मग मला इतका संताप आला की अनया, माझी रूममेट, तिच्या खोलीतून बघायला आली की काय झालं.

तू दह्याचं लिहिलंस. ते वाचून मी पत्र फेकलं होतं. मला चाळीस मुलं नको होती. मला एकच मुलगा नीट बघायचा होता. आत्या, आय लाइक हिम. त्याच्याशी बोलताना मी स्वतःला एडिट करत नाही. कदाचित अजून सहा महिन्यांनी मीच तुला फोन करून ओरडून सांगितलं असतं की हो. पण आता मी हो म्हटलं तर तो माझा हो असेल की तुमच्या पुरणपोळीचा, हे मलाच कळणार नाही. आणि नाही म्हटलं तर ते त्याला नाही असेल की तुला, हे पण कळणार नाही. तू माझं उत्तर दिलंस एवढंच नाही, तू माझा प्रश्नच काढून घेतलास.

आणि तू! दुसऱ्या कुणी केलं असतं तर समजलं असतं. तू ॲनेस्थेशियाची डॉक्टर. तूच मला सांगायचीस की पेशंट कितीही घाबरलेला असो, घरचे कितीही घाई करोत, तू स्वतः त्याच्याजवळ खुर्ची ओढून बसायचीस, त्याला सगळं सांगायचीस आणि त्याने हो म्हटल्याशिवाय भूल द्यायची नाहीस. त्याच्या बायकोने सांगून चालायचं नाही, भावाने सांगून चालायचं नाही. अनोळखी माणसाला हार्नियासाठी जे दिलंस ते मला अख्ख्या आयुष्यासाठी दिलं नाहीस.

तापाबद्दल सॉरी. मी कळवायला हवं होतं. पण ताप आला म्हणून लग्न लावत नाहीत.

लोभ असावा. मोठा नको, विचारून केलेला असला तरी पुरे.

उर्वी


ट्रॉय,
२७ सप्टेंबर २०२५

चि. उर्वीस,
आशीर्वाद.

माझ्या कामाबद्दल लिहायचे कारण नव्हते. त्या ओळी वाचून मी पत्र तुझ्या काकांकडे दिले. त्यांनी वाचले, घडी घातली आणि काही बोलले नाहीत. ते कधीच काही बोलत नाहीत, पण या वेळी मला ते फार लागले.

तुम्हा दोघांना जे ठरवायचे ते ठरवा. मी आता मध्ये नाही.

आत्या


बॉथेल,
१३ ऑक्टोबर २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

मध्ये नाही म्हणून सुटता येणार नाही. तू मध्ये आहेस. तूच मध्ये येऊन बसलीस, पाट मांडून.

देवदत्त शनिवारी स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या मनाने इथे आला. आम्ही नदीकाठच्या पार्कात बसलो, कॉफी घेतली आणि ठरवलं की कुणी काही जेवलेलंच नाही असं समजून बोलायचं. त्याने सुरुवात केली. त्याला दोन वर्षांनी नागपूरला परत जायचंय, कायमचं. वडिलांची छोटी प्रिंटिंग प्रेस आहे, ती त्याला चालवायचीय. शाईचा वास, मशीनचा आवाज, वडील प्रूफ वाचताना चष्मा कपाळावर कसा ठेवतात, हे सांगताना त्याचा चेहराच बदलला. फ्रिस्कोमध्ये त्याने हे कुणालाच सांगितलेलं नाही, कारण तिथे परत जाणार म्हटलं की लोक विचारतात जॉब गेला का.

मग माझी पाळी. मला इथेच राहायचंय आत्या. जे औषध आम्ही बनवतो ते एकेका पेशंटसाठी वेगळं बनतं, त्याच्याच पेशींपासून. मला ते काम आवडतं, नुसतं बायोडेटावर लिहायला नाही, सकाळी उठून जायला आवडतं. हे शहर आवडतं, रोजचा ग्रे पाऊस पण आवडतो. मी नागपूरला गेले तर दोन वर्षांत त्याचा आणि त्या प्रेसचा राग राग करेन. तो इथे थांबला तर माझा करेल. चार महिन्यांत आम्ही एकमेकांना आवडती पुस्तकं विचारली, भांडी कोण घासणार विचारलं. हे विचारायची वेळ आली असती, पण तेवढ्यात तुम्ही ताटं मांडली. आणि केळवणानंतर तर दोघंही गप्प. त्याला वाटायचं आता बोललो तर शब्द मोडतो. जानेवारीत लग्न झालं असतं आणि मार्चमध्ये कुणीतरी हळूच म्हणालं असतं की मला एक सांगायचंय.

मी नाही म्हटलं. स्वतः, त्याच्या तोंडावर, पूर्ण वाक्यात. त्याने ते पूर्ण होऊ दिलं, मध्ये बोलला नाही. आम्ही समोर चरणाऱ्या गीज पक्ष्यांना बघत बसलो. मग त्याने विचारलं की उत्तराकाकूंचा शर्टपीस आता शिवायचा की परत करायचा. मी हसत हसत रडले. मी त्याला एअरपोर्टला सोडलं आणि पार्किंगमध्ये गाडीत बसून राहिले. बरं वाटलं नाही. खोटं वाटलं नाही, एवढंच.

आई-बाबांना मी सांगितलंय. बाबा बोलत नाहीयेत. ते मी सांभाळेन.

पण तुझ्याकडून एक हवंय. आश्लेषाकाकू ब्लाऊजचं माप मागतायत. मंडळातल्या कुणाकुणाचे मेसेज येतात. उद्या हे कळलं की सगळे म्हणणार की सुवर्णाच्या भाचीने लग्न मोडलं. मी लग्न मोडलेलं नाही. लग्न ठरलंच नव्हतं. हे वाक्य त्या बेसमेंटमध्ये जे जेवले त्या सगळ्यांना तू सांगायचं. मी लाजले नाही, मला विचारलं नव्हतं, हे पण सांगायचं. माझ्या नावाने खोटा हो तू सांगितलास, तर खरं पण तूच सांग. हे केलं नाहीस तर मी ट्रॉयला येणार नाही. हे मी रागात लिहीत नाहीये. म्हणजे रागात आहेच, पण विचार करून लिहितेय.

लोभाचं तुझ्या उत्तरानंतर बघू.

उर्वी


ट्रॉय,
२७ ऑक्टोबर २०२५

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आल्यावर मी आठ दिवस तुझ्यावर चिडले होते. धमकी देते म्हणजे काय, असे काकांना सारखे म्हणत होते. ते ऐकत होते. शेवटी एका सकाळी चहा पिताना ते म्हणाले की सुवर्णा, पोरीने फक्त खरे सांगायला सांगितले आहे. लग्नाला एवढी वर्षे झाली, त्यांनी मला उलट उत्तर दिलेले हे पहिलेच. त्यांच्यावरही चिडले.

परवा मंडळाची दिवाळी झाली. शाळेचा हॉल घेतला होता. मुलांचे नाच संपले आणि जेवण सुरू व्हायचे होते तेव्हा मी सेक्रेटरी प्रथमेशला म्हटले की मला माइक दे, सूचना करायची आहे. त्याला वाटले कुणाची गाडी चुकीच्या जागी लागली असेल. मी वर गेले. सांगितले की लेबर डेला माझ्या घरी जे केळवण झाले ते माझ्या भाचीला न विचारता झाले. तिने होकार दिलेला नव्हता, मी परस्पर सांगितला. ती लाजली नव्हती, संतापली होती, आणि तो संताप बरोबर होता. लग्न ठरले नव्हते, तेव्हा ते मोडलेलेही नाही. त्या दिवशी तुम्ही जे जेवलात ते तिच्या वाढदिवसाचे समजा. कुणाला काही बोलायचे असेल तर मला बोला, तिला मेसेज करू नका.

मी माइक प्रथमेशला परत दिला. तेवढ्यात मागून टाळ्या आल्या. एकट्या माणसाच्या. तुझे काका, मसाले भाताच्या ट्रेपाशी उभे राहून टाळ्या वाजवत होते, हातात झारा तसाच. मग कुणीतरी हसले, कुणी टाळी वाजवली, आणि पोरे जेवायला धावली.

आश्लेषा माझ्याशी बोलत नाही. म्हणते, एवढे चारचौघांत कशाला. चंद्रशेखरचा फोन आला, तोही ओरडला, मीही ओरडले, की तुम्ही तुमच्या पुतण्याला काय सांगितले होते ते आधी सांगा. त्यावर त्याने फोन ठेवला. तुझ्या वडिलांना मी कळवले आहे की हॉलचा विषय माझ्यामुळे झाला, पोरीला बोलायचे नाही.

भूल देण्याबद्दल तू जे लिहिलेस त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला. त्याला उत्तर सुचले नाही म्हणून आला. अजूनही सुचलेले नाही.

पानावरून उठलीस याचा राग मात्र कायम आहे. ओरडायचे होतेस तिथेच. उठायचे नव्हते.

लोभ मागायची माझी पाळी आहे, हे कळते.

तुझी,
आत्या


बॉथेल,
५ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सा. न. वि. वि., आज मनापासून.

पत्र मेलबॉक्सपाशीच उभी राहून वाचलं, पावसात. शाई पसरलीय, विशेषतः काकांच्या झाऱ्यापाशी. तू माइकवर गेलीस हे अनयाला सांगितलं तर तिला व्हिडिओ हवाय. या वेळी कुणीच काढला नाही का? माझा उखाणा बरा काढता तुम्ही लोक!

राग आहे अजून थोडा. तो एकदम जाणार नाही, आणि मी गेल्याचं नाटक करणार नाही. पण थँक्सगिव्हिंगला तू आणि काका इथे या. यायचं असेल तरच. नाही म्हणालात तर मी चिडणार नाही, म्हणजे थोडी चिडेन, पण चालेल.

आणि एक सांग, तुला काय खायचंय? मी काकांना फोन करून विचारलं की आत्याला काय आवडतं. त्यांनी खूप विचार केला आणि म्हणाले की मला जे आवडतं तेच तिला आवडतं. मला वाटतं पुरणपोळी. पण मला वाटतं म्हणून मी करणार नाही. म्हणून विचारतेय, आणि तुलाच विचारतेय.

लोभ आहे. वाढव.

उर्वी


ट्रॉय,
१२ नोव्हेंबर २०२५

चि. उर्वीस,
अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघे येतो. काकांना वेगळे विचारले, तेही हो म्हणाले.

मला काय विचारतेस, असेल ते खाईन, असे आधी लिहिले होते. मग तो कागद फाडला. खरे सांगायचे तर ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिले आणि मला काही सुचेना. मला हे कुणी कधी विचारलेले नाही. मीही विचारलेले नाही.

तर ऐक. पुरणपोळी नको. मला ती आवडत नाही. लहानपणापासून नाही. एवढी वर्षे लाटली, वाढली, वाखाणली, आणि स्वतःच्या पानातली हळूच काकांच्या पानात सरकवली. त्यांना वाटते मी त्यांच्यासाठी जास्तीची वाढते. त्यांना अजून सांगितलेले नाही. तिथे आले की तुझ्यासमोर सांगेन, तू मध्ये बोलू नकोस.

मला ज्वारीची भाकरी हवी, गरम, तव्यावरून थेट पानात, आणि डोळ्यांत पाणी येईल असा ठेचा. भाकरी तुला थापता येत नसेल तर तसे सांग. नाही म्हटलेस तरी चालेल. मी येऊन थापीन, पण मग पहिली मला.

तुझी,
आत्या

ता. क. साडी घेऊन येऊ का? नको असेल तर कपाटातच राहू दे.